ब्लॉकवरची रेघ

फळ्यावर रोज एक सुविचार लिहिण्याचा नेम मी निवृत्तीपर्यंत पाळला. सत्याविषयीचा सुविचार मात्र स्वतःच्या हाताने कधी लिहिला नाही. वर्गातल्या कोणाकडून तरी लिहवून घेई. असं का, हे कोणी विचारलं नाही. पत्नीनेही नाही. तुम्हाला सांगतो, पण क्रमाने सांगू द्या. क्रम सोडला की मी पळवाट शोधतो, हे मला माझ्याविषयी ठाऊक आहे.

बहात्तरचा दुष्काळ. ईट गावाच्या अलीकडच्या आमच्या गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं, तेही तळाशी. सहकारी सोसायटीचं डिझेल इंजिन ते उपसून टाकीत टाकी, आणि त्या टाकीवर गाव जगे. सोसायटीचा मानद सचिव मी. इंजिन सांभाळायला रोजंदारीवर सुदाम. सातवीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो. पुढे मी मास्तर झालो; तो सोलापूरच्या गॅरेजात काम शिकून आला. तेव्हापासून तो मला 'तुमी' म्हणे, मी त्याला 'अरे सुदाम'.

त्या चैत्रात इंजिन धूर ओकू लागलं. पाणी टाकीपर्यंत चढेना. मार्ग दोनच होते. जुनं इंजिन दुकानदाराला देऊन त्याच्या बदल्यात दुसरं बसवायचं, किंवा आहे तेच बांधून काढायचं — नवा लायनर, म्हणजे पिस्टनभोवतीची आतली नळी, नवा पिस्टन, नव्या रिंगा.

"जुनं लोखंड म्हणून टाकता व्हय?" सुदाम चेअरमनला म्हणाला. "आट दिसात बांधून देतो. नव्याच्या बापाला ऐकणार न्हाय."

"बांध," चेअरमन म्हणाले. "उभं केलंस तर तुला सोसायटीत कायम करतो. सगळ्यांदेखत सांगतो."

सगळ्यांदेखत. त्या सगळ्यांत माझे वडील, अण्णाही होते. घरी येताना ते म्हणाले, "हाताला अक्कल असावी तर अशी." मला पदवी मिळाली तेव्हा अण्णांनी एवढंच विचारलं होतं — आता पगार वाढंल का?

आता तुम्हीच सांगा, एका इंजिनचालकाचा हेवा एखाद्या शिक्षकाने करावा? मी करत होतो. मी फळ्याकडे वळलो की मागे कुजबुज सुरू होई. सुदामने लाकडी दांडा इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं, की चेअरमनसुद्धा बोलणं थांबवत. तो बौद्ध होता. त्याच्या वडिलांना आमच्या ओट्यावर कधी कोणी बोलावलं नव्हतं; अण्णा आता सुदामला हाताला धरून ओट्यावर बसवून घेत. माझ्या जळण्यात तेही मिसळलं होतं का? — होतं.

इंजिन बांधण्यापूर्वी एक परीक्षा करावी लागते. ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव अंगाला, चीर गेली असेल तर नवा लायनर घालून उपयोग नसतो. बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ब्लॉक रॉकेलने भिजवतात, कोरडा पुसतात आणि वर खडूची भुकटी पसरतात. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल भुकटीत चढतं, आणि काळसर रेघ उमटते. इतकी सोपी, इतकी सुंदर रीत — विज्ञान शिकवणाऱ्या मला ती माहीत नव्हती. खडू तेवढा माझ्या शाळेचा होता.

आम्ही दोघं अर्धा तास त्या ब्लॉकपाशी बसलो. भुकटी जशीच्या तशी.

"तुमीबी बघा, मास्तर. माझ्या एकल्याची नजर नगं."

मी पाहिलं. वाकून, चष्मा पुसून पाहिलं. मग तो लायनर आणायला सोलापूरच्या गाडीत बसला, आणि संध्याकाळी चावडीवर सभा भरली.

चेअरमनने विचारलं, "काय मास्तर, ब्लॉक कसा हाय?"

मी म्हणालो, "रेघ उमटली."

कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. मास्तर म्हणतात म्हणजे झालं! एकानेही विहिरीपर्यंत जाऊन पाहिलं असतं तर? — मी येताना भुकटी फडक्याने पुसून आलो होतो. म्हणजे ते वाक्य तोंडातून निसटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा ट्रक नवं इंजिन उतरवून जुनं घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी सुदाम परतला. गोणपाटात गुंडाळलेला लायनर काखेत धरून तो त्या नव्या इंजिनासमोर उभा राहिला.

"रेघ व्हती, मास्तर?"

"होती. तू गेल्यावर उमटली."

त्याने लायनर खाली ठेवला. मग म्हणाला, "मग म्याच घाई केली. आजून थांबाया पायजे व्हतं."

नव्या इंजिनाबरोबर ते चालवायला दुकानदाराचा माणूस आला. सुदाम दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला.

दोन वर्षांनी येरमाळ्याला एका पिठाच्या गिरणीत मी ते जुनं इंजिन पाहिलं. तळाशी सुदामने खूण म्हणून छिन्नीने मारलेली दोन टिंबं तशीच होती. गिरणीवाला कौतुकाने सांगू लागला, "लायनर घातला, बास. लई गुणाचं हाय." मी दळण न आणताच आलेल्या माणसासारखा तिथे उगीच उभा राहिलो. आमच्या गावाकडे जाणारी एसटी लागली होती, तीत बसलो. सुदामचं घर आमच्या गावच्या स्टँडपासून शंभर पावलांवर. मी उतरलो, आणि आपल्या घरी गेलो.

पुढे सुदामने हमरस्त्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं. पण ब्लॉक आला की तो दोनदा भुकटी लावी आणि दिवसभर वाट पाही. गिऱ्हाइकं चिडवत, "सुदामदादा, ब्लॉक बघताय का मुहूर्त?" तो हसून म्हणे, "यकदा माझी नजर चुकल्याली हाय, बाबा." मी समोरच्या बाकावर बसून हे अनेकदा ऐकलं. त्याने दिलेला चहा पीत ऐकलं.

गेल्या पौषात सुदाम गेला.

त्याची नजर चुकली नव्हती. भुकटी पांढरीच होती.