एकशे चौदा नंबरची विहीर

लग्नानंतर आम्ही मेडशीजवळच्या एका गावात घर विकत घेतलं. हे तिथल्या शाळेत मास्तर होते. मातीच्या भिंती, वर टिनं, मागे रिकामं अंगण. चौकटीवर ग्रामपंचायतीनं डांबरानं ११४ नंबर घातला होता. घरपट्टीची पावती त्याच नंबरावर यायची.

सैपाकाच्या खोलीतला एक कोपरा भर उन्हाळ्यात गार असायचा. तिथलं सारवण लवकर वाळत नसे. दुपारी गल्ली झोपली की त्या कोपऱ्यात पाण्याचा पितळी गुंड भरून ठेवलेला असे, त्याच्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठायची. मी यांना सांगितलं.

"उंदरं असतीन," हे म्हणाले.

मी गुंड दुसऱ्या भिंतीशी नेला. तिथं पाणी हललं नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. एक पक्की खोली बांधायची म्हणून यांनी पतसंस्थेकडे घर गहाण ठेवायचं ठरवलं. संस्थेचा माणूस पाहणीला आला. खरेदीखतातला, पंचायतीच्या उताऱ्यातला आणि चौकटीवरचा नंबर त्यानं ताडून पाहिला. तिन्ही जुळले. मग उतारा हातात घेऊन तो अंगणात गेला आणि तसाच परत आला.

"मास्तर, विहीर कुठं आहे?"

"विहीर नाही इथं."

"एकशे चौदाला घर, खुली जागा आणि बांधीव विहीर लावलेली आहे. एक तर हा नंबर दुसऱ्या घराचा, नाही तर विहीर इथंच आहे. उलगडा झाल्याशिवाय गहाणखत होणार नाही."

मी सैपाकाच्या खोलीत उभी राहून ऐकत होते. त्या कोपऱ्याकडे पाहवेना.

रविवारी आम्ही एसटीनं शेलूबाजारला गेलो. ज्या विधवा म्हातारीनं आम्हाला घर विकलं, ती तिथं लेकीकडे राहत होती. ती ओट्यावर तूर पाखडत होती. यांचं सगळं तिनं ऐकून घेतलं.

"नंबर बरोबर हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "चूल कुठं मांडली तू?"

"दाराजवळ."

"अन् कोपऱ्यात काय हाय?"

"गुंड होता. पाणी हलायचं म्हणून उचलला."

सूप थांबलं. "झोपत तं नाही ना तिथं कोणी?"

ती आमच्याबरोबरच निघाली. गाडीत माझ्या शेजारी बसून हळूहळू सांगू लागली. "माही धाकटी जाऊ होती. दुपारी पाण्याले निघाली. मले म्हणे, चाल संग. मी म्हटलं, तू हो पुढं, मी येतो. हातातलं काम काही सुटलं नाही. तिले विहिरीतून काढली तवा जीव नव्हता. मंग सासऱ्यानं सागाचे लाकडं टाकून विहिरीचं तोंड बुजवलं, वरून दगडं, माती. पुढं त्याच्यावरच खोली काढली. तुमाले सांगतलं असतं तं घर घेतलं असतं काय?"



घरात शिरल्यावर ती सरळ कोपऱ्यात गेली आणि टाच आपटली. खालून पोकळ आवाज आला. थोड्या वेळानं तसाच आवाज पुन्हा आला. या वेळी तिनं टाच हलवलीही नव्हती.

शेजारच्या दोघांनी पहारीनं जमीन फोडली. दगड निघाले, खाली काळी लाकडं लागली. आधी गुंड होता तिथलं लाकूड हातात घेताच चुरा झालं. त्याच्याच भरवशावर मी रोज तिथं वावरत होते. उरलेली लाकडं बाजूला केली तशी गार हवा तोंडावर आली. दोरीला कंदील बांधून खाली सोडला. तो विझला नाही. फार खोल पाणी दिसलं, आणि त्याच्यावर वर्तुळं पसरत होती. खाली काही पडलं नव्हतं.

म्हातारी काठाशी बसली, आत वाकली आणि म्हणाली, "मी आली वं."

विहिरीत आवाज घुमतो. तिचा घुमला नाही.

तिच्या खांद्याला मी घट्ट धरून ठेवलं होतं. मग तिनं डोळे पुसले आणि यांना म्हणाली, "मास्तर, हे मागची भिंत पाडा. बाहीर निघू द्या तिले."

यांनी ती भिंत पाडून अलीकडे घेतली. विहीर अंगणात आली. गाळ उपसला, काठ बांधला. गावातल्या बाकीच्या विहिरींनी तळ दाखवला होता, तरी आमच्या गल्लीतलं कोणी घागर घेऊन येईना. शेवटी एका सकाळी म्हातारीनं स्वतः बादली ओढली, ओंजळीनं पाणी प्याली आणि ओंजळ माझ्यापुढे केली. मी प्याले. पाणी गोड होतं. दुसऱ्या दिवशी अंगणात घागरींची रांग लागली.

संस्थेचा माणूस पुन्हा आला, विहीर पाहून गेला, आणि गहाणखत झालं. नवी खोली आम्ही अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बांधली. म्हातारी पाऊस पडेपर्यंत आमच्याकडे राहिली. गल्लीतल्या बायका पाण्याला नेहमी जोडीनं येत. एकीला यायला उशीर झाला, तर दुसरी घागर घेऊन दारातच थांबे. असं करा म्हणून त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.