दादाला बसवायचं होतं

पुतण्यानं आणलेला डबा मी फ्रिजमध्ये ठेवला. आधी माझी बाजू सांगतो. सोलापूरचा मे महिना, आणि इतक्या वर्षांत अमेरिकेहून दादाच्या घरचं जे कोणी आलं ते चॉकलेटं घेऊनच आलं. पोरानं दारातच निळ्या मखमली पिशवीतला जड डबा माझ्या हातात दिला. "काका, हे नीट ठेवा," म्हणाला. मी नीट ठेवला. दह्याच्या भांड्याशेजारी.

आंघोळ करून आल्यावर त्यानं विचारलं, "काका, बाबा कुठे आहेत?"

माझा थोरला भाऊ जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. मला वाटलं, प्रवासानं पोराचं डोकं फिरलं. बायकोला माझ्याआधी कळलं. ती उठली, फ्रिज उघडला, डबा पदराखाली धरून आणला आणि माझ्याकडं न बघता देवघरापुढं ठेवला.

आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. खड्डा खणून त्याच्या भिंतीत कोनाडा करतात, त्यात मांडी घालून बसवतात, जन्मभर गळ्यात असलेलं लिंग हातावर ठेवतात आणि माती लोटतात. दादा गेला तेव्हा मी फोनवर "सगळं नीट झालं ना?" एवढंच विचारलं. पोरगा "हो" म्हणाला. त्याच्या लेखी नीटच झालं होतं. तिकडच्या देवळातल्या पुजाऱ्यानं सांगितलं तसा त्यानं अग्नी दिला, आणि आता अस्थी पंढरपुरात नदीत सोडायला आला होता. पोरगा अमेरिकन होईल अशी मनाची तयारी मी कधीच केली होती. पण तो भलत्याच हिंदू घरचा होऊन आला. त्याचा दोष नाही. त्याच्या बापानंच अमेरिकेला जाताना गळ्यातलं लिंग काढून आमच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, कपाटात ठेवलं होतं, तिकडं हरवेल म्हणून. ते तिथंच राहिलं.

अव्वाला दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. तिनं नातवाला जवळ बसवलं.

"कुटं बसवलंय रं माझ्या लेकाला? जागा चांगली हाय न्हवं?"

पोरानं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

"बसवलं नाही, आजी," तो म्हणाला. "जाळलं. ते या डब्यात आहेत."

डबा तिच्या मांडीवर आला. बराच वेळ ती त्याच्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "एवढाच?"

संध्याकाळी आमच्यातले विधी करणाऱ्या स्वामींना बोलावलं. ते चहा न पिताच म्हणाले, "राख बसवता येत न्हाई, अव्वा. तसं कुटं नसतंय."

"स्वामी, पोटात बसला तवा ह्याच्याहून ल्हान होता की," अव्वा म्हणाली.

स्वामींनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोटकडच्या आमच्या शेतात गेलो. वडिलांशेजारची जागा अव्वानं स्वतःसाठी राखून ठेवली होती. तिथंच खणायला सांगितलं. खणणाऱ्यानं मला हळूच विचारलं, "डब्यापुरता खणू का, मालक?"

"माणसापुरता खण," अव्वा बांधावरून म्हणाली.

खाली उतरायचं काम माझं, कारण इथं उरलेला मुलगा मीच. पोट आवरत उतरलो, पुतण्यानं वरून डबा दिला, कोनाड्यात ठेवला. मग अडलो. बसवलेल्या माणसाचं तोंड पुढं असतं. डब्याला पुढं कुठलं? एका बाजूला चिठ्ठी होती, इंग्रजीत दादाचं नाव आणि खाली कसलासा नंबर. ती बाजू पुढं केली. झाकणावर त्याचं लिंग ठेवलं, विभूती लावली, बेल वाहिला. त्या एवढ्या कोनाड्यात डब्याच्या वर आणि दोन्ही बाजूंना जागाच जागा उरली होती.

"बसला का?" वरून अव्वा.

"बसला."

"मान सरळ हाय न्हवं?"

"सरळ आहे, अव्वा."

मला वर ओढायला दोघं लागले, खणणारा आणि पुतण्या. माझा हात तसाच धरून पुतण्यानं विचारलं, "काका, मी चुकीचं केलं का?"

"नाही रे," मी म्हणालो. तोंडात माती गेली होती, त्यामुळं ते मलाच खरं वाटलं नाही. माती लोटताना तो रडत होता. अव्वानं त्याला जवळ बोलावलं नाही. तो जाईपर्यंत तिनं त्याला पुन्हा काही विचारलं नाही, आणि निघताना पाया पडला तेव्हा तिचा हात त्याच्या डोक्यापर्यंत आला नाही.

तो गेला त्या दिवशी बायकोनं फ्रिज रिकामा करून पुसायला घेतला. आमचा मुलगा मागच्या वर्षी जर्मनीला गेलाय. मी म्हणालो, "आज त्याला फोन करून सगळं सांगून ठेवतो. कोनाडा कसा करायचा, तोंड कुठं, सगळं."

ती दह्याची फळी पुसत होती. हात न थांबवता म्हणाली, "नका सांगू. तिकडं त्याला जमायचं नाही ते. माहीतच नसलं, तर आपण चुकलो असं तरी वाटणार नाही लेकराला."