धवल्याची खोली

हे मी लिहावं का, याची मला अजून खात्री नाही. धवला हे बायकांचं काम. आमच्या आगरी लोकांत लग्नाच्या मांडवात धवलारीण जी गाणी म्हणते, त्यांना धवला म्हणतात, आणि ती चालू असतात तेव्हा माझ्यासारखी मुलं बाहेर खुर्च्या लावत असतात. तेव्हा त्यातलं मला फार कळतं असं नाही. शिवाय आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि लिहायचा सराव म्हणजे परीक्षेतली उत्तरं. पण मावशी हे लिहिणार नाही आणि ताईला वेळ नाही. म्हणून मी धाडस करतो आहे. जाणत्यांनी रागावू नये.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, आमच्या गावची धवलारीण. गाव आता सोसायट्यांच्या मधोमध सापडलं आहे. शेतं गेली, मिठागरं गेली, पण लग्नं होतातच, आणि हळद लागायच्या आधी मावशीला बोलावणं येतं. अलीकडे तिचा आवाज टिकत नाही. एक लग्न झालं की दुसऱ्या दिवशी ती खुणेनेच चहा मागते. तिच्यानंतर कोण, असं गावात सगळे विचारतात आणि विचारून जेवायला बसतात. खरोखर शिकायला बसलेली मोठी बाई एकच, माझी ताई. ती उरणला कंटेनरच्या गोदामात कामाला आहे. सुट्टी फक्त रविवारी.

आता अडचण अशी की धवला घरी शिकता येत नाही. ज्या घरात लग्न नाही तिथे धवला म्हणायचा नाही, असं आमच्यात मानतात. मावशी स्वतः शिकली ती मिठागरावर, मीठ ओढता ओढता, मोठ्या बायकांच्या मागून म्हणत. तिथे कोणाचं घर नव्हतं, त्यामुळे कोणाला काही लागत नव्हतं. एकदा ताईने आमच्या स्वयंपाकघरात दोन ओळी गुणगुणल्या तर शेजारची काकू दारात येऊन उभी राहिली. "कोनाचा ठरला गो? आमाला सांगला पन नाय." आईने ताईकडे असं पाहिलं की ताई पुन्हा घरात गायली नाही.

म्हणून मावशीला समाजमंदिर हवं होतं. पालिकेचं समाजमंदिर कोणाचंच घर नाही. काही वर्षांपूर्वी पालिकेच्या सांस्कृतिक खर्चातून तिला तिथली मागची खोली रविवारी सकाळी मोफत मिळाली आणि थोडं मानधनही. मुलींचा वर्ग सुरू झाला. पुढच्या हॉलमध्ये योगासनं, व्हरांड्यात कॅरम, आणि मागे धवला. शाळेतल्या लहान मुली यायच्या, त्यांच्यात मांडी घालून ताई बसायची.

यंदा समाजमंदिराच्या दारावर सूचना लागली. कला आणि मनोरंजनाच्या सगळ्या उपक्रमांवरचा खर्च पालिका नव्याने तपासणार होती. ज्याला चालू ठेवायचं असेल त्याने अर्ज करावा, मग अधिकारी येऊन प्रत्यक्ष पाहतील. अर्ज मी लिहिला. मावशी म्हणाली, "बाला, तू शिकलाय. तूच लिव. आनि लय वाकू नको, भीक नाय मागत आपून." मी फार वाकलो नाही. पण अर्ज दिल्यापासून माझं लेक्चरमध्ये लक्ष लागेना. खारघरला कॉलेजच्या कँटीनमध्ये बसलो की मनात यायचं, 'लोकपरंपरा' हा शब्द पुरेसा आहे का? त्यांना धवला म्हणजे काय ते माहीत असेल का?

मधल्या एका दिवशी दोन माणसं येऊन मागच्या खोलीच्या भिंती मोजून गेली. कॅरम खेळणाऱ्यांपैकी एकाने मला हाक मारली. "काय भाई, मावशीचा वर्ग उठला म्हणे. जिम येतेय तिथे. टेन्शन नको घेऊ, मावशीला ट्रेडमिलवर फ्री ठेवू." बाकीचे हसले. मीही हसलो, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

अधिकारी आले ते एका रविवारी. एक साहेब, एक मॅडम. दोघंही सभ्यपणे चपला बाहेर काढून सतरंजीवर बसले. साहेब म्हणाले, "मावशी, सुरुवात करा. एखादं छानसं लग्नाचं गाणं होऊन जाऊ द्या."

मावशीने विचारलं, "लगीन कोनाचा हाय?"

"कोणाचं नाही. आम्हाला ऐकायचंय."

"मग कशी म्हनू, सायेब? बिनलग्नाची हलद कोनाला लावू, तुमाला?"

मॅडम हसल्या. साहेबही हसले, पण त्यांनी घड्याळ पाहिलं. मी मध्ये पडून सांगितलं, की पूर्ण धवला फक्त खऱ्या मांडवात म्हणतात, इथे फक्त सराव होतो. "मग सराव दाखवा," मॅडम म्हणाल्या.

सरावाचीही आमची एक रीत आहे. धवल्यात नवरा-नवरीचं, आईबापांचं, मामाचं नाव घ्यावं लागतं. सरावात खऱ्या माणसाचं नाव घेतलं तर त्याच्या नशिबाशी खेळल्यासारखं होतं, म्हणून मावशी माशांची नावं घालते. नवरा जिताडा, नवरी कोलंबी, सासू चिंबोरी, आणि मामा निवटी. मिठागरावरच्या मोठ्या बायकांनी मावशीला असंच शिकवलं होतं. वर्गात याचं कोणाला हसू येत नाही, आम्हाला सवय आहे.

मावशीने मान हलवली आणि लहान मुली सुरू झाल्या. जिताडा मुंडावळ्या बांधून बसला. कोलंबीला हळद लागली. चिंबोरी रुसली, तिला शालू पाहिजे होता. मुलींना समोर नवीन माणसं दिसल्याने जोर चढला होता. साहेब इतके खूश झाले की त्यांनी मोबाईल काढून रेकॉर्ड केलं. "वा, वा. चिंबोरी रुसली. किती गोड." मग ताईने पुढचं कडवं उचललं. तो भाग अवघड आहे, नवरीने माहेर सोडायचा. तिचा आवाज खालच्या सुरात लागला आणि मावशीने डोळे मिटले. मला वाटलं, आता त्यांना कळेल. पण त्या कडव्यातही कोलंबीच होती. कोलंबी आईच्या गळ्यात पडून रडते, असं आलं तेव्हा साहेबांना पुन्हा हसू आवरेना. मॅडम मात्र हसल्या नाहीत, त्या ताईकडे बघत होत्या.

जाताना मी दारापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो. म्हटलं, "सर, ती नावं फक्त सरावापुरती आहेत. खरं गाणं गंभीर असतं."

"हो हो, समजलं," साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवत म्हणाले. "फार छान उपक्रम आहे." मला अजून काही सांगायचं होतं, पण ते गाडीत बसले.

खोलीत परतलो तेव्हा ताई सतरंजी गुंडाळत होती. "काय म्हणाले?"

"छान आहे म्हणाले."

"छान म्हणजे देणार का नाय देणार?"

मावशी म्हणाली, "हसला म्हनजे पोट भरला त्याचा. देईल."

त्यानंतर वाट पाहणं सुरू झालं. निर्णय होईपर्यंत मागच्या खोलीला कुलूप होतं. मी दोनदा वॉर्ड ऑफिसात जाऊन आलो. तिथले क्लार्क चांगले होते, मला बसायला सांगायचे आणि म्हणायचे, फाईल वर आहे. वर म्हणजे कुठे, ते विचारायचा मला धीर झाला नाही. ताई रोज गोदामातून सुटली की फोन करायची, आणि दुसरंच काहीतरी बोलून, ठेवता ठेवता विचारायची, "काय कळलं का?" तिचं शेवटचंच थोडं शिकायचं राहिलं होतं. करंजाड्याला गावच्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं आणि मावशीने तिथे ताईला आपल्या शेजारी बसवायचं कबूल केलं होतं. आता मावशीचा आवाज साध्या बोलण्यातही फाटायला लागला होता. घरी शिकवणार का, असं मी एकदा भीत भीत विचारलं. तिने खुणेनेच नाही म्हटलं.

फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीच्या जिन्यात होतो. ऑफिसातल्या त्याच क्लार्कचा. "अभिनंदन," ते म्हणाले, "तुमचा वर्ग मंजूर झाला. खोली पण, मानधन पण. साहेबांनी स्वतः शिफारस केली." मी आभार मानायला लागलो तर त्यांनी थांबवलं. "पूर्ण ऐका. मंजुरी बालगीत आणि मनोरंजन या सदरात आहे. फक्त बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, शाळा सुटल्यावर, सोमवार ते शुक्रवार. मोठ्यांना त्या खोलीत शिकायला बसता येणार नाही. आणि रविवारची सकाळ दुसऱ्या उपक्रमाला दिली आहे."