बाईंचा बोलण्याचा वर्ग

"बोला," असं म्हणून बाई डोळे मिटून घ्यायच्या आणि मान किंचित डावीकडे कलती करायच्या. समोर उभा राहिलेला माणूस गोंधळायचा. आपण भाषणाला उभे राहिलो आणि अध्यक्षबाई झोपल्या की काय, असं त्याला वाटायचं. मीही पहिल्या शनिवारी असाच गोंधळलो. मी विम्याचं काम करतो, बोलण्यावरच माझं पोट आहे. पण मिटलेल्या डोळ्यांपुढे कसं बोलायचं ते मला माहीत नव्हतं. मी अडखळून थांबलो, तर डोळे न उघडताच म्हणाल्या, "का थांबलात? ऐकतेय मी."

त्या खरंच ऐकत असायच्या. भाषण संपल्यावर शांतपणे सांगायच्या, "वडिलांचं नाव आलं तिथं तुमचा श्वास अडकला. तुमचं भाषण तिथं होतं. ते सोडून तुम्ही पुढे निघून गेलात." एवढं लक्ष देऊन ऐकणारं माणूस तुम्ही कधी पाहिलं असेल, तर त्याच्यापुढे बोलताना जरा उघडं पडल्यासारखं होतं, हेही तुम्हाला ठाऊक असेल.

बाई संगमनेरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. बाहेरगावी फोन लावायचा तर आधी नोंदवून तासन्‌तास वाट बघावी लागायची, तेव्हाची गोष्ट. मग यंत्रं आली, फोन आपोआप लागायला लागले आणि बाईंना बिलाच्या खिडकीवर बसवलं. तिथूनच त्या निवृत्त झाल्या. नदीकडच्या एका गल्लीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. "लग्न राहून गेलं," असं त्या एकदा मला म्हणाल्या, पण ते दूध आणायचं राहून गेलं अशा सुरात.

आमचा क्लब म्हणजे वाचनालयाच्या माडीवरची एक लांबट खोली. दर शनिवारी साडेपाचला तिथं जमायचं आणि आळीपाळीनं भाषणं करायची. एके काळी म्हणे खुर्च्या पुरायच्या नाहीत. मग कुणी मुलांकडे पुण्याला गेलं, कुणाचे गुडघे जिना चढेनात, आणि लॉकडाऊननंतर उरलेल्यांची सवयच सुटली. मी जाऊ लागलो तेव्हा बाई, एक वयस्कर हेडमास्तर आणि मी, एवढेच नेमाने यायचो. हेडमास्तर दर आठवड्याला 'वेळेचे महत्त्व' याच विषयावर बोलायचे आणि उशिरा यायचे.

वाचनालयाच्या लोकांनी अखेर सांगितलं, की सभासद वाढले नाहीत तर खोली योगाच्या वर्गाला द्यावी लागेल. मी मनातून तयार होतो. बाई नव्हत्या.

"आपण बोलायला शिकवायचा वर्ग काढू," त्या म्हणाल्या. "दोन महिने, दर रविवारी. बोलायची गोडी लागली की लोक क्लबात येतीलच."

"येतील?" मी विचारलं.

"एकदा कुणी आपलं ऐकलं, की माणूस परत येतो, भाऊ."

वर्गाची पत्रकं त्यांनी स्वतः चिकटवली. बसस्टँडवर, दूध संघाच्या फाटकाशी, कॉलेजच्या रस्त्यावर. एकदा मी त्यांना रसवंतीपुढे दोन पोरांना अडवताना पाहिलं. "बोलायला भीती वाटते का तुम्हाला?" त्या आपुलकीनं विचारत होत्या. पोरं ग्लास तसेच ठेवून निघाली.

तरी माणसं आली, आणि खरं सांगतो, आमच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आली. कुणाची मुलाखत होती, कुणाला दुकानात गिऱ्हाइकाशी नीट बोलायचं होतं. पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारे रफिकभाई आले, कारण मुलीच्या शाळेत पालकसभेत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. जवळच्या एका गावची सुमन नावाची उपसरपंच आली. ग्रामसभेत तिच्या वतीनं नवराच बोलायचा, आणि ते तिला बंद करायचं होतं.

पहिल्याच रविवारी सुमन उभी राहिली आणि पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मला न्हाई जमायचं. समदी बघत्यात."

बाईंनी आपली खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. आम्हा सगळ्यांनाही तसंच बसायला लावलं. "आता कुणी बघत नाही. फोनवर बोलतेस असं समज. बोला."

खोलीभर पाठी. थोडा वेळ खालच्या रस्त्यावरच्या गाड्याच ऐकू आल्या. मग मागून बारीक आवाज आला, "आमच्या वस्तीवर पान्याची लाईन हाय, पन पानी न्हाई." आणि तो आवाज हळूहळू मोठा होत गेला. दोन महिन्यांत आम्ही खुर्च्या थोड्याथोड्या वळवत आणल्या, आणि एका रविवारी सुमन सगळ्यांच्या डोळ्यांत बघून बोलत होती, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या दिवसांत बाई वेगळ्याच दिसायच्या. चहाच्या वेळी जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून एकेकाला विचारायच्या. आईचा खोकला गेला का, म्हैस व्याली का, मुलाखतीचं काय झालं. वर्ग सुटला की लोक घाईनं उतरायचे आणि बाईंचं आवरणं मात्र लांबायचं. पंखा बंद करायच्या, खिडक्या लावायच्या, अर्ध्या जिन्यातून परत वर जायच्या. "मधली खिडकी लागली का बघते," म्हणायच्या. ती लागलेलीच असायची. मी खाली गाडीपाशी थांबून राहायचो. घरी जाण्याआधी माणसं किती वेळ काढू शकतात, ते मी तेव्हा पाहिलं.

एकदा रफिकभाईंनी विचारलं, "मॅडम, राग नका मानू, पण तुम्हाला बोलताना आम्ही कधी ऐकलंच नाही. तुमचं भाषण कधी?"

बाई हसल्या. "शेवटच्या दिवशी. तुम्हा सगळ्यांना क्लबात बोलवायचंय ना, तेव्हा बोलेन."

शेवटच्या रविवारी माडी घरच्या माणसांनी भरून गेली. बाई मोरपंखी काठाची साडी नेसून आल्या होत्या. रफिकभाई पाच मिनिटं बोलले, फक्त दोनदा अडले, आणि त्यांची मुलगी पहिल्या रांगेत लाजून हसत होती. सुमन थांबेचना. तिच्या नवऱ्यानं घड्याळ दाखवलं तर त्याला म्हणाली, "तुमी गप बसा जरा," आणि सगळी खोली हसली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

त्यांची पाळी आली तेव्हा उशीर झाला होता. गावाकडच्या गाड्यांची वेळ होत आली होती, धारा काढायच्या होत्या, लहान मुलं कुरकुरत होती. बाई माईकपाशी गेल्या आणि खुर्च्या सरकू लागल्या. लोक वाकून, माफी मागितल्यासारखे, दाराकडे निघाले. जाताना बाईंच्या पाया पडत होते. बाई प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि दुसऱ्या हातानं माईक धरून होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "दर शनिवारी साडेपाचला क्लब असतो. मी असते." माईक त्यांनी स्वतःच बंद केला.

पुढच्या शनिवारी मी पोहोचलो तेव्हा बाईंनी सगळ्या खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. हेडमास्तरांना बरं नव्हतं. आम्ही दोघंच बसून राहिलो. जिन्यात पाऊल वाजलं की बाई पदर सावरायच्या. ते पाऊल खालच्या वाचनालयातच वळायचं. उजेड कमी झाला तसा मी उठलो आणि न विचारता खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावू लागलो. माझी पाठ त्यांच्याकडे होती.

"भाऊ," मागून आवाज आला. "मी बोलू का?"

मी म्हणालो, "बोला." वळलो मात्र नाही.

"घोडेगावहून एक ट्रंककॉल आला होता," बाईंनी सुरुवात केली. "नगरच्या ऑपरेटरबाईंनी लाईन दिली. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याकडे फोन होता, त्याचा नंबर मागितला होता. मी जोडला आणि म्हटलं, बोला. दोन्हीकडून हॅलो ऐकू आलं की आपण लाईनवरून कान काढायचा, असा नियम. पण पलीकडे माझा दादा होता. त्यानं मला ओळखलं नाही. कामावर आमचा आवाज वेगळाच असतो. तो किराणावाल्याला म्हणाला, आमचे वडील गेले, बहिणीला नीट सांगा, एकदम सांगू नका."

मी खुर्ची हातात धरून उभा होतो.

"मधे बोलायचं मनात आलं. दादा रडत होता. पण ऑपरेटरनं मधे बोलायचं नसतं, आणि ऐकायचं तर त्याहून नसतं. मी कान काढला. बदलीची बाई यायची होती, तोवर दुसऱ्यांचे फोन जोडत राहिले. कुणाचं लग्न ठरलं होतं, कुणाला कांद्याचा भाव हवा होता. मग घरी गेले. किराणावाला दुकानाच्या दारात उभाच होता. ताई, जरा बसा, म्हणाला. मी बसले. त्यानं सांगितलं, आणि मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडले. पुढे दादाही गेला. त्यालाही कधी सांगितलं नाही, की जोडून देणारी मीच होते."

मग म्हणाल्या, "क्लबात हे बोलायचं बरीच वर्षं मनात होतं. खोली भरलेली असली की बोलेन, असं वाटायचं."

मी वळलो तेव्हा त्या खिडक्या लावत होत्या. हातातली खुर्ची मी भिंतीशी लावली. आम्ही जिना उतरलो, आणि त्या दिवशी त्या परत वर गेल्या नाहीत.

त्यानंतर रफिकभाई तीन-चार शनिवार आले. मग मोटारींच्या कामाचा हंगाम सुरू झाला. सुमनचा मला अधूनमधून फोन यायचा; ग्रामसभेत आता ती स्वतः बोलत होती आणि वस्तीवर पाणी आलं होतं. मी बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी तिच्या बोलण्यातलं वाक्यन्‌वाक्य मला पुन्हा सांगायला लावलं. उन्हाळ्यात खोली योगाच्या वर्गाला गेली. बाईंनी किल्ली देऊन टाकली. पुढे न्हाणीघरात घसरून त्यांचा खुबा मोडला आणि दादाचा मुलगा त्यांना घोडेगावला घेऊन गेला.

मी एकदा भेटायला गेलो, तो नेमका बाजाराचा दिवस. रस्त्यावर म्हशींनी भरलेले टेम्पो, दलालांच्या हाका. भाच्याचं घर रस्त्यालगतच होतं. घरची माणसं चांगली होती, चहा झाला, पोहे झाले, आणि मग जो तो आपल्या कामाला लागला. नात कानात वायरी घालून मोबाईल बघत बसली होती. बाई वॉकर धरून ओट्यावर आल्या आणि मला एकेकाचं विचारत राहिल्या. हेडमास्तर कसे आहेत, रफिकभाईंची मुलगी कितवीला गेली. मी सांगत होतो आणि त्या डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांचं कसं चाललंय, हे मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "इथं आवाज पुष्कळ आहेत."

दिवाळीनंतर पुन्हा जायचं मी ठरवलं होतं. त्याआधीच भाच्याचा फोन आला.

आता त्यांची आठवण आली, की मला त्या बाजाराच्या दिवशीची निघायची वेळ दिसते. मी एसटीत खिडकीशी बसलो होतो. बाई वॉकर ढकलत रस्त्याच्या कडेपर्यंत आल्या होत्या. त्यांच्या पुढून म्हशींचा एक घोळका चालला होता, मागचा टेम्पो हॉर्न वाजवत होता, आणि बाई माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होत्या. एखादं वाक्य नव्हतं ते, बरंच काही होतं. मी काच सरकवायला गेलो, ती अडकलेली होती. गाडी सुटली. मी मान डोलावली, हात हलवला, जणू सगळं ऐकू आल्यासारखा. त्या बोलतच होत्या.