मानपत्रातला ‘पंडित’ आणि माहुलची फेरी

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला राहायचे, संस्कृत घेऊन नुकतीच बीए झाले होते आणि स्वतःवर बेहद्द खूश होते. लहानपणी आम्ही माहुलला असताना ज्यांनी मला शिकवलं, त्या गुरुजींचा रविवारी सत्कार होता. मानपत्र अर्थात मीच लिहिलं होतं आणि सत्कारात ते वाचणारही मीच होते. त्यात सोनेरी शाईत ‘पंडित’ झळकत होतं. शनिवारी दुपारी ते दाखवायला निघाले.

घाटकोपरला उतरून चेंबूरची बस, तिथून माहुलची. जाणार असाल तर चेंबूरलाच खाऊन घ्या, पुढे चहापलीकडे फारसं काही मिळायचं नाही. रिफायनरीच्या टाक्या लागल्या की डोळे चुरचुरायचे, मग वाळत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा आणि उतरायची वेळ व्हायची.

गुरुजींनी सगळं वाचलं आणि ‘पंडित’वर बोट ठेवलं.

“हा खोड.”

“का? तुमच्याइतकं इथे कुणी वाचलंय?”

“वाचून कुणी पंडित होत नाही, पोरी. पंडा म्हणजे बरंवाईट पारखणारी बुद्धी. ती ज्याला आली, तो पंडित. मला ती वेळेवर आली नाही.”

दारात शेजारची हिराबाई ताटलीत कोलंबी घेऊन उभी होती. गुरुजींनी तिच्याकडे हात केला.

“ही चौथीत पहिली होती. आई हिला मासळीबाजारात न्यायला आली, तेव्हा मी म्हणालो, न्या, कोळणीला चौथी पुष्कळ. हिच्याहून ढ मुलांसाठी मी आईबापांच्या हातापाया पडलोय.”

मला लाज वाटली. शब्दाची फोड मला तोंडपाठ होती, पण तो लिहिताना ती एकदाही आठवली नव्हती.

हिराबाईने ताटली खाली ठेवली.

“मंग आता कललं ना तुमाला? मंग आली की ती बुद्धी. उशिरा आली, पन आली.” आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “खोडू नको गो. पन उद्या मी वाचीन.”

गुरुजींनी मानपत्र तिच्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, “वाच.”

दुसऱ्या दिवशी ती ओळीखाली बोट धरून वाचत होती. जोडाक्षरांना अडायची, तेव्हा गुरुजींचे ओठ हलायचे. ‘पंडित’पाशी थांबून तिने त्यांच्याकडे पाहिलं, “हां” म्हणाली आणि पुढे गेली.

हा शब्द कुणाला लावताना माझा हात अजून थांबतो. सत्कार आटोपून त्या संध्याकाळी घरी पोचले, तर आईने दारातच विचारलं, “कसं वाचलंस?”

“मी नाही वाचलं,” मी म्हटलं. “गुरुजींच्या वर्गातल्या पहिल्या नंबराने वाचलं.”