रखमाआत्यानं निवडलेलं मशीन

रखमाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कणकवलीत छापखान्यात बसून वाळूउपशाविरुद्धच्या पत्रकाचं प्रूफ तपासत होते, आणि खरं सांगते, मी विश्वास ठेवला नाही. आदल्या वर्षी तिनं 'माका बरा नाय' असा निरोप धाडून बोटीवरच्या मुलाला, दादूला, घाबरवलं होतं. त्याचा फोन आला म्हणून मी धावत गेले, तर बाई कट्टा गावच्या बाजारात पेडवे मासळीची टोपली पुढ्यात घेऊन गिऱ्हाइकाशी भांडत बसलेली. "बघी होतंय, कोण कोण येता ता," म्हणाली. या वेळी पोचले तेव्हा टोपली ओट्यावर पालथी होती...

आत्याचा सगळा धंदा संशयावर चालायचा. कल्ला उचलल्याशिवाय, पोट दाबल्याशिवाय तिनं मासा कधी घेतला नाही. मी पत्रकं लिहिते, माझा कंत्राटदारावर विश्वास नाही, पुढाऱ्यावर नाही. पण संशय घ्यायला शिकले ती तिच्याकडेच. दादू परदेशी प्रवासी बोटीवर कॉफी करायचा. सुट्टीवर आला की आठव्या दिवशी अंगणात त्याच्या येरझाऱ्या सुरू. आत्याला तो घरी राहायला हवा होता, बाकी तिचं जगाकडे काही मागणं नव्हतं. "तुका हंय कमी काय आसा रे?" तिनं एकदा विचारलं. तो सहज बोलून गेला, "कॉफी." बोटीवरून आणलेल्या भाजलेल्या बिया तिनं लगेच मिक्सरमधून फिरवून दिल्या. त्याच भांड्यात सकाळी मसाला वाटला होता. पहिल्या घोटालाच दादू शिंकत सुटला. "आये, ही कॉफी न्हय, माशाचा तिखला!" मी पोट धरून हसले. आत्या हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं, बोटीवर असतं तसलं मशीन आणि बिया दळायचा वेगळा ग्राइंडर घरात आणायचा.

मी भडकले. ज्या वाडीत नळाला दिवसाआड पाणी, तिथे एस्प्रेसो? दादू म्हातारीला नाचवतोय आणि मशीन घेऊनही जायचा तो जाणारच, असा माझा सरळ संशय होता. हा चंगळवाद आहे, असं मी तिला सुनावलं. "भाषाण म्हापशाक पोचल्यार कर," ती म्हणाली, "आता बस चुकात."

म्हापशातल्या दुकानदारानं आम्हा तिघांपुढे एक चकचकीत धूड आणलं. ग्राइंडर आतच, एकदम नवं, बटण दाबा आणि प्या. आत्यानं कपाखालचा ट्रे ओढून काढला, आत बोट फिरवलं आणि शिळा मासा हुंगावा तसं ते नाकाशी नेलं. "ह्या कालचा म्हावरा." बोटाला तपकिरी साका लागला होता. दाखवायला वापरलेलं मशीन तो नवं म्हणून आमच्या गळ्यात मारत होता! मी ग्राहक मंचाचं नाव काढून आवाज चढवला, तशी आत्यानं मलाच दटावलं, "गप ऱ्हव गो. भांडान शिळा ताजा होणा नाय." मग तिनं मशीन वेगळं आणि ग्राइंडर वेगळा मागितला. एक बिघडलं तरी दुसरं चालेल, म्हणाली. तीन ग्राइंडरांतून बिया दळून घेतल्या, चिमूट चिमूट बोटांत चोळली. "रवो सगळो सारखो होयो," म्हणत तिसरा उचलला. दादू बघतच राहिला. "आये, बोटीर आमका ह्याच शिकवतत!"

...आणि तीन महिन्यांनी दादू बोटीवर गेलाच. माझंच खरं ठरलं होतं आणि मी ते तिला तोंडावर सांगितलंही. "माका म्हायत होता," एवढंच ती म्हणाली.

पण ओट्यावरच्या बरणीतल्या बिया कमी होत राहिल्या. आत्या चहावाली, कॉफीच्या थेंबाला शिवायची नाही. मग पितं कोण? पर्यटकांना विकते की काय, असंही माझ्या मनात आलं. सरळ विचारलं, तर म्हणाली, "मांजर."

आत्या गेली त्याच्या चौथ्या दिवशी दादू पोचला. तोवर सगळं उरकलं होतं. तो स्वयंपाकघरात येऊन ग्राइंडरपुढे उभा राहिला. "धा म्हयने बंद... खाऱ्या हवेन गंजलो आसतलो," म्हणत त्यानं बटण दाबलं. ग्राइंडर गरगर फिरला, घरभर वास पसरला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू चालवी होतस?" मी नाही म्हणून मान हलवली. मग दोघांनाही एकदमच दिसलं... बटणाच्या मधोमध पेडव्याचं एक खवलं वाळून घट्ट चिकटलेलं होतं. बाजारातून आल्या आल्या, हातही न धुता, आत्या रोज मूठभर बिया दळत होती, ग्राइंडर फिरता राहावा म्हणून. चुरा कुठे जायचा तेही परसात माडाच्या मुळाशी सापडलं, काळा थर जमला होता.

दादू ते खवलं नखानं खरवडायला गेला. मी त्याचा हात धरला.

तो अजून परत गेलेला नाही. आता जाणार नाही म्हणतो. माझा विश्वास नाही. पण रोज सकाळी तो बिया दळतो, आणि बटण दाबताना खवलं सोडून, कडेनं दाबतो.