भरलेला तांब्या

"शुगर चारशेच्या वर आहे. पायाची जखम त्यामुळेच भरत नाहीये. आजपासून इन्सुलिन सुरू," जालन्याचे डॉक्टर रिपोर्टवरून नजर न उचलता म्हणाले.

माझे सासरे, अण्णा, टोपी मांडीवर घेऊन समोर बसले होते. त्यांनी एकच विचारलं, "पाय ऱ्हाईल ना साहेब?"

"शुगर ताब्यात राहिली तर राहील."

बाहेर बाकावर बसून मी रडले. अण्णाच माझी समजूत घालत होते. ज्यांच्या घरात हे दुखणं नुकतंच आलंय, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. माझ्या हातून झालं ते तुमच्या हातून होऊ नये, एवढंच.

तेव्हा गावात मोबाइल नुकते दिसायला लागले होते. आम्ही केदारखेड्याला राहायचो. मी भोकरदनच्या शाळेत शिक्षिका, सकाळी गेले की चारला परत. मिस्टर जालन्याला कारखान्यात, आठवड्यातून एकदा यायचे. दिवसभर अण्णांजवळ कोण? मग गयाबाईला ठेवलं. गल्लीतलीच, पन्नाशीची, शाळेचं तोंड न पाहिलेली. पण म्हाताऱ्या माणसांचं करण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मिस्टरांनी ग्लुकोमीटर आणला. ग्लुकोमीटर म्हणजे घरच्या घरी शुगर मोजायचं छोटं मशीन. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, थोड्या वेळात आकडा येतो. घरात जणू नवी सून आली, असं मी त्याचं कौतुक केलं.

गयाबाई लांबूनच बघायची. "मी न्हाई बाई हात लावायची. माझ्या हातून मोडलं बिडलं तर?"

"लावूच नका," मी म्हणाले आणि मशीन कपाटात कुलपात ठेवलं. खरं सांगते, मला बरंच वाटलं. या बाईला आकडे काय कळणार, असं मनात होतं. शिकवणं माझा धंदा, आणि घरातल्या एका बाईला शिकवायचा मला कंटाळा. लाज वाटते आता.

गयाबाईचं स्वतःचं एक माप होतं. अण्णांच्या खाटेखाली पाण्याचा पितळी तांब्या असायचा. मी शाळेतून आले की ती सांगायची, "आज चार तांबे पाणी झालं, लघवीलाबी सारखं उठून राह्यले. आज जास्त हाय बघा." मी हसायचे. मशीन लावलं की आकडा खरंच जास्त निघायचा. तरी मला ते योगायोगच वाटायचे.

डॉक्टरांनी एक कागद लिहून दिला होता. संध्याकाळी जेवणाआधी मोजायचं, आकडा अमक्याच्या वर गेला तर इन्सुलिन इतकं वाढवायचं. तो कागद मी देव्हाऱ्याशेजारी चिकटवला होता. दोन महिने सगळं बराबर चाललं. जखमेच्या कडा गुलाबी दिसायला लागल्या.

मग संक्रांत आली.

त्या दिवशी मी बायकांच्या हळदीकुंकवाला गेले होते. घरी परतले तर अण्णांच्या उशाशी वाटीभर तिळगूळ. दिवसभर माणसं येऊन गेली होती. मी मशीन काढलं, स्पिरिटच्या कापसाने बोट पुसलं, टोचलं. चारशे बारा!

"अण्णा, खाल्लात ना?"

"तुझी आन, एकबी न्हाई खाल्ला. लोकायनं हातावर ठिवला, म्या कपाळाला लावला अन् वाटीत टाकला. दारात आलेल्या माणसाला न्हाई कसं म्हणावं?"

"मग हे चारशे कुठून आले? मशीन खोटं बोलतं का?"

अण्णांनी तोंड भिंतीकडे केलं. चाळीस वर्षं ज्यांचा शब्द गावाने मानला, त्यांना मी लहान पोरासारखं खोटं पाडलं.

गयाबाई खाटेपाशी वाकली होती. "बाई, तांब्या बघा. सकाळी भरला, आजून अर्धा बी झाला न्हाई. लघवीला दोनदा उठले निस्ते. चारशे कशी आसंल? सुई नका देऊ जास्तीची."

"गयाबाई, तुम्हाला यातलं काही कळत नाही. गप्प बसा."

कागदावर लिहिलं होतं तेवढं वाढवून मी इन्सुलिन दिलं. वरून रागाने भाकरीही निम्मीच वाढली. तिळगूळ पोटात गेलाय ना, मग पुरे झाली, असा माझा हिशेब.

तास-दीड तासाने गयाबाईने हाक मारली. ती घरी गेलीच नव्हती, दारातच बसून होती. अण्णांचा सदरा घामाने भिजला होता, हात थरथरत होते. मला ते माझ्या मेलेल्या सासूच्या नावाने हाक मारत होते. 

आणि मी काय करावं? मशीन काढलं! पुन्हा मोजायला! माझेच हात इतके कापत होते की थेंब पट्टीवर पडेना. एक पट्टी वाया, दुसरी वाया.

"ऱ्हाऊ द्या ते खेळणं!" गयाबाई ओरडली. एरवी आवाज न चढवणारी बाई. तिने अण्णांना टेकवून बसवलं, साखरेचं दाट पाणी केलं. ते अजून गिळत होते, म्हणून घोट घोट पाजलं. शेजाऱ्यांची जीप बोलावली. रस्ताभर ती अण्णांचं डोकं खांद्यावर घेऊन बसली होती, मी नुसती देवाचा धावा करत होते. जालन्याच्या वाटेवर राजूर मागे पडलं तेव्हा अण्णांनी डोळे उघडले आणि विचारलं, "कुठं चाललो गं?" मला हुंदका आवरला नाही.

"हायपोग्लायसेमिया," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. म्हणजे रक्तातली साखर एकदम उतरणं. "साखर पाजली नसती तर अवघड होतं. शुद्ध गेली असती तर तेही पाजता आलं नसतं, ठसका लागून श्वासात जातं. पण एवढं इन्सुलिन दिलंच का?"

मी चारशे बाराचं सांगितलं. 

"मोजण्याआधी हात धुतले होते?"

"स्पिरिटने पुसले होते."

"नुसतं पुसून गूळ जात नाही. दिवसभर तिळगूळ हातात घेतलाय त्यांनी. तुम्ही रक्तातली साखर नाही मोजलीत मॅडम, बोटाला लागलेली मोजली."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मग मी तांब्याची गोष्टही सांगून टाकली. डॉक्टरांनी दाराशी उभ्या गयाबाईकडे बघितलं आणि मला विचारलं, "दिवसभर पेशंटजवळ कोण असतं?"

"या गयाबाई."

"मग मशीन तुमच्या कपाटात काय करतंय?"

चार दिवसांनी घरी आलो. सगळ्यात आधी मी अण्णांच्या पायाशी बसले. "अण्णा, तुम्ही खरं बोलत होता. माझंच चुकलं."

"मला ठावं होतं," अण्णा म्हणाले. "तुझ्या मशीनला ठावं नव्हतं." आणि हसले.

दुसऱ्या दिवसापासून गयाबाईची शाळा भरली. ती मशीनला हात लावेना. मग मी माझं बोट पुढे केलं. म्हटलं, "माझ्यावर शिका, मोडलं तर मोडलं." पहिल्या दिवशी तिने इतकं हळू टोचलं की रक्तच आलं नाही. दुसऱ्या दिवशी इतकं जोरात की मी उडाले. अण्णा खाटेवरून आमची मजा बघत. पंधरवड्यात ती आकडे पाहून वहीत उतरवू लागली, जसे दिसले तसे, रांगोळी काढावी तसे. आकड्याशेजारी ती तांबे काढायची. किती तांबे पाणी झालं, तितकी चित्रं. आकडा आणि तांबे जुळले नाहीत, तर हात धुऊन पुन्हा मोजायचं आणि तरीही जुळलं नाही तर डॉक्टरांना फोन. हा नियम तिचा, माझा नाही. डॉक्टरांनी ती वही पाहिली आणि दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना बोलावून दाखवली.

अण्णांचा पाय राहिला. पुढे कितीतरी वर्षं ते त्याच पायांनी पारावर जात होते. गयाबाईला आसपासची घरं बोलवायला लागली, मशीनसकट.

गेल्या वर्षी मला शुगर निघाली. मी निरोप न धाडताच गयाबाई काठी टेकत दारात आली. मी घाईने मशीन काढलं आणि बोट पुढे केलं. तिने माझा हात बाजूला सारला, माझ्या खाटेखालच्या तांब्यात वाकून डोकावली आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, हात धुवून या आधी."

मी मुकाट्याने उठले आणि धुऊन आले.